बोडीकाठच्या रात्रींसाठी डोक्यावरची बॅटरी

भंडारा जिल्ह्यातल्या बोड्या (शेताजवळची छोटी तळी) आणि मामा तलावांवरच्या (जुन्या माजी मालगुजारी तलावांवरच्या) बेडकांचा मी अभ्यास करते, त्यामुळे पावसाळ्यात माझं निम्मं काम अंधारात चालतं. साकोलीच्या बाजारातून साडेअकराशेला घेतलेली ही चार्जिंगची बॅटरी रोवणीपासून वापरते आहे. डब्यावर कंपनीचं नाव धड वाचता येत नाही, पण वस्तू कामाची आहे.

घ्यायची ती लाल दिव्यासाठी. पांढरा झोत पडला की ओरडणारे नर गप्प होतात आणि मोजणी बिघडते. मंद लाल उजेडात बांधीतले (धानाच्या वाफ्यातले) बुलफ्रॉग जागा सोडत नाहीत. रंग पाहायचा तर मात्र पांढराच दिवा हवा. पहिल्या मोठ्या पावसात हे नर हळदीसारखे पिवळे होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या गर्द निळ्या फुगतात. तंगड्यांच्या निर्यातीत हाच बेडूक पोत्यांनी गेला. भारताने १९८७ मध्ये ती निर्यात बंद केली ते फार बरं झालं.

दुसरं म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. परवा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मातीत राहणारा एक गोलमटोल बेडूक सापडला. ओल्या तळहातावर घेऊन मागचा पाय अलगद वळवला, तर टाचेशी कडक, पातळ, अर्धगोल कडा दिसली. तिनेच माती उकरत तो पाठमोरा जमिनीत उतरतो. अमेरिकेतल्या स्पेडफूट बेडकांकडेही हेच अवजार आहे, पण त्यांचं कूळ अगदी वेगळं. दोन्हीकडे गरज एकच होती, अवजार मात्र आपापलं स्वतंत्र घडलं. उत्क्रांतीचा हा धडा सोबतच्या पोरींना फळ्यावर समजला नव्हता, धुऱ्यावर लगेच समजला. त्यांना मी मांगलीचंही सांगितलं: नागपूरच्या दक्षिणेला तिथल्या खडकात मिळालेल्या प्राचीन उभयचराच्या कवटीचं वर्णन ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली ब्रॅकिऑप्स या नावाने केलं.

पट्टा सुटा निघतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कायट्रिड बुरशीमुळे जगभरात किमान ५०१ उभयचर प्रजाती घटल्या आणि त्यांतल्या ९० नामशेष झाल्या असाव्यात, असं २०१९ च्या आढाव्यात आलं. ही बुरशी ओल्या चिखलातून पसरू शकते. म्हणून एका बोडीवरून दुसरीकडे जाण्याआधी मी गमबूट आणि पट्टा धुऊन पूर्ण वाळवते. पट्टा शिवलेला असेल तर ती बॅटरी घेऊच नका.

चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण लवकर ढिलं पडलं. दुकानदाराने बदलून दिलं नाही. सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवली आहे. झोतही अरुंद आहे. धानाचं पाणी पाहायला रात्री निघणाऱ्यांनी हिच्या एकटीच्या भरवशावर जाऊ नये. मण्यार रात्रीच फिरते, आणि समोर पाहताना पायाखालचं दिसत नाही. हातात रुंद झोताची दुसरी बॅटरी आणि पायात गमबूट हवेतच. बेडूक मोजणाऱ्यांनी मात्र खुशाल घ्यावी, फक्त झाकण दुकानातच दाबून बघा.