दहाचाकीचा वर्षभराचा अनुभव: गाडी चांगली, पण रिकॉलचा पार्ट मिळता मिळेना

गाडी घेऊन वर्ष उलटलं. दहाचाकी ट्रक, एकूण वजन २८.५ टन, बीएस-६ (धुराच्या कडक नियमांत बसणारी), बॉडी आम्ही बाहेरून बांधून घेतली. मी आणि धाकटा भाऊ आलटून पालटून चालवतो. पगारी ड्रायव्हर ठेवलेला नाही. चाकण किंवा रांजणगावला माल भरायचा, होसूर नाहीतर चेन्नईला उतरवायचा आणि तिकडून मिळेल ते रिटर्न भाडं घेऊन परत यायचं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत बसलं की वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांचे मालक हीच तक्रार सांगतात, त्यामुळे एकालाच बोल लावण्यात अर्थ नाही.

आधी गाडीबद्दल, कारण गाडी खरंच चांगली आहे. खंबाटकी चढताना आमची जुनी गाडी जिथे धापा टाकायची, तिथे ही एक गिअर वरचा धरून जाते. भरल्या गाडीला चारच्या वर ॲव्हरेज मिळतं. सीटला हवेचं सस्पेन्शन आहे. रात्रभर चालवूनही कंबर धरत नाही. एसी आम्ही जादा पैसे देऊन घेतला होता. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना तो सक्तीचा झाला, हे फार आधी व्हायला हवं होतं. एप्रिल-मेमध्ये चित्रदुर्गच्या पट्ट्यात दुपारी केबिनमध्ये बसून बघावं म्हणजे कळेल. आम्ही गाडी घेतल्यावर काही महिन्यांतच ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ती चुटपुट अजून आहे, पण त्यात कंपनीचा काही दोष नाही.

सहाव्या-सातव्या महिन्यात रिकॉलचा, म्हणजे दोष असलेल्या गाड्या कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावल्याचा मेसेज आला, मागून पत्रही आलं. ठरावीक चेसिस नंबरांमधल्या काही गाड्यांच्या मागच्या ब्रेकच्या रिले व्हॉल्व्हमधलं सील कमकुवत असू शकतं, हवा गळू शकते, व्हॉल्व्ह मोफत बदलून मिळेल, जवळच्या वर्कशॉपशी संपर्क साधा, असा मजकूर.

एअर ब्रेकची गाडी न चालवणाऱ्यांसाठी सांगतो. आपण पेडल दाबतो तेव्हा केबिनपासून मागच्या ॲक्सलपर्यंत फक्त इशाऱ्यापुरती हवा जाते. खरा जोर रिले व्हॉल्व्ह लावतो. तो जवळच्या टाकीतली हवा एकदम ब्रेक चेंबरमध्ये सोडतो. तोच गळायला लागला तर मागचे ब्रेक उशिरा लागतात किंवा कमी लागतात, आणि टाकीतला दाबही उतरत जातो. आता आमचा परतीचा रस्ता बघा. कोल्हापूरहून येताना खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडलं की ते एस वळण आणि उतार. तिथून पुढे कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत सलग उतार. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच पुलावर एका अवजड गाडीने पन्नासच्या आसपास वाहनं ठोकली होती, पुण्यात कोणी ते विसरलेलं नाही. भरलेली २८ टनांची गाडी त्या उतारावर घेताना 'सील कमकुवत असू शकतं' हे वाक्य डोक्यातून जात नाही.

पत्र मिळालं त्याच आठवड्यात वर्कशॉपला गेलो. सर्व्हिस ॲडव्हायझर मुलगा सज्जन. चेसिस नंबर टाकला, स्क्रीन माझ्याकडे फिरवली आणि म्हणाला, "दादा, गाडी रिकॉलमध्ये आहे, पण पार्ट बॅकऑर्डरला आहे, म्हणजे मागवलाय पण स्टॉकला नाही. आला की फोन करतो." मी विचारलं, तोपर्यंत गाडी चालवू का? तो गप्प. मग म्हणाला, "तसं आम्ही सांगू शकत नाही. रोज हवा चेक करा."

तेव्हापासून रोजचा नेम झाला. निघण्याआधी हवा पूर्ण भरायची, हवेच्या दाबाचा काटा आठच्या आसपास आला की इंजिन बंद. मग पेडल पूर्ण दाबून धरायचं आणि काट्याकडे बघत राहायचं. सुरुवातीला थोडा उतरतो, ते ठीक. नंतर तो जागेवर थांबला पाहिजे. सरकत राहिला तर कुठेतरी गळती आहे. एकाने पेडल धरायचं आणि दुसऱ्याने साबणाचं पाणी घेऊन गाडीखाली जायचं, व्हॉल्व्हच्या खालच्या एक्झॉस्टच्या तोंडाला फेस लावायचा. फेस तसाच बसून राहिला तर बरं. एका सकाळी होसूरच्या पार्किंगमध्ये त्या फेसात वाटाण्याएवढा बुडबुडा हळूहळू फुगला, फुटला आणि त्याच जागी दुसरा धरला. भावाने खालूनच हाक मारली, "दादा, गळतंय." परतीचं भाडं ठरलं होतं. पार्टीला नाही म्हणून सांगितलं आणि रिकामी गाडी हळूहळू पुण्याला आणली.

इथून पुढे गाडी वर्कशॉपच्या आवारात उभी. आठवड्यामागून आठवडे गेले. 'सोमवारी येतोय', 'डेपोतून निघालाय', 'दुसऱ्या झोनला गेला' ही उत्तरं पाठ झाली. आवारात आमच्यासारख्या बऱ्याच गाड्या होत्या. काहींच्या बॅटऱ्या उतरलेल्या, एकीच्या केबिनमध्ये ड्रायव्हरने संसार मांडलेला, बाहेर दोरीवर कपडे वाळत. ज्यांचे मालक पगार देत होते ते ड्रायव्हर थांबले. ज्यांना भत्ता मिळेना ते दुसऱ्या गाडीवर निघून गेले. चांगला ड्रायव्हर गेला की परत मिळत नाही, हे नुकसान कुठल्याच बिलात दिसत नाही.

नाना पेठेत जाऊन व्हॉल्व्ह आणून लावावा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. तिथे सगळं मिळतं, हेही खरं. पण वर्कशॉपने सांगितलं की बाहेरचा व्हॉल्व्ह लावला तर ब्रेक सिस्टीमच्या वॉरंटीवर प्रश्न येईल आणि रिकॉल आमच्या चेसिस नंबरवर पूर्ण झालं अशी नोंदही होणार नाही. उद्या गाडी विकायला काढली तर ती नोंद बघितली जाणार. म्हणजे बाहेरचा लावायचा नाही आणि आतला मिळत नाही.

पार्ट का नाही, याचं सरळ उत्तर मिळवायला वर्क्स मॅनेजरपर्यंत जावं लागलं. त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. हा व्हॉल्व्ह एकच पुरवठादार बनवतो. सील बदलायचं म्हणजे नवं मटेरियल, नवा साचा, मग चाचण्या. ब्रेकच्या बाबतीत यात घाई करता येत नाही, हे मलाही पटतं. पण पुढचं वाक्य मला आजही पटलेलं नाही: जो नवा व्हॉल्व्ह तयार होतो तो आधी कारखान्याच्या लाइनवर जातो आणि उरलेला रिकॉलला येतो. म्हणजे रोज नवी गाडी चांगला व्हॉल्व्ह लावून बाहेर पडते, आणि ज्याने आधीच पैसे मोजलेत, ज्याच्या गाडीत दोष आहे हे कंपनीने स्वतः लिहून कळवलंय, तो रांगेत शेवटी. याला मी टंचाई म्हणणार नाही. मोजका माल कोणाला आधी द्यायचा हे कोणीतरी टेबलावर बसून ठरवलं आहे. चाकण, भोसरी, पिंपरीच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने खच्चून भरलेत. त्याच पट्ट्यात आम्ही एका व्हॉल्व्हसाठी बसून राहायचं, हे मनाला फार लागतं.

दुरुस्ती मोफत असते, उभी गाडी मोफत नसते. बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला खात्यातून जातो. इन्शुरन्स चालू, टॅक्स भरलेला, नॅशनल परमिटची मुदत सरत राहते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे काम देणारी पार्टी तुटते. चाकणच्या ज्या ट्रान्सपोर्टरकडून आम्हाला महिन्याचं बांधलेलं काम होतं, त्याने दुसरी गाडी लावली. त्याचंही चूक नाही, त्याला पुढे कारखान्यात वेळेवर माल द्यायचा असतो.

टंचाई फक्त या व्हॉल्व्हची नाही. त्याआधी हुबळीजवळ नॉक्स सेन्सर (धुरातला नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) गेला आणि गाडीने पॉवर कापली. बीएस-६ मध्ये तसंच ठेवलेलं आहे, धुराचं मोजमाप बिघडलं की इंजिन जोर कमी करतं. सेन्सर तिथे नव्हता. माल दुसऱ्या गाडीत भरला, ई-वे बिलाचा (मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचा) पार्ट बी, म्हणजे गाडीचा तपशील, बदलला. एका दिवसाला २०० किलोमीटर या हिशेबाने त्याची मुदत चालू असते, ते वेगळं टेन्शन. सेन्सर मिळायला पंधरवडा गेला. या किमतीच्या गाडीचा हा पार्ट हायवेवरच्या प्रत्येक मोठ्या वर्कशॉपमध्ये असायलाच हवा.

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण आमच्यातल्या बहुतेकांना हे माहीत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं आणि रिकॉलचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना ते लागू आहेत. दोष ठरला तर कंपनीने पैसे परत द्यायचे, गाडी बदलून द्यायची किंवा दुरुस्त करून द्यायची. सरकारने रिकॉल करायला लावलं तर १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होतो, कंपनीने आपणहून दोष कळवला तर दंड नाही. हेही योग्यच, नाहीतर कोणी दोष उघड करणारच नाही. पण उभ्या गाडीच्या बुडालेल्या भाड्याबद्दल त्या कलमात शब्द नाही. कारवाल्याला रिकॉल म्हणजे एक दिवसाची गैरसोय. आमचं पोट त्या गाडीवर आहे. हा फरक कायद्यात यायला हवा. वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय इथेच वेताळ टेकडीवर आहे, वाहतूकदारांच्या संघटनाही इथे मजबूत आहेत. ही मागणी पुण्यातून उठायला हरकत नाही.

दुसरं, ग्राहक आयोगाबद्दल. 'ट्रक म्हणजे व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही' असं सांगून बरेच जण वाटेला लावतात. ते पूर्ण खरं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक वापरात धरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या एका निकालात ट्रकचंच उदाहरण दिलं आहे: स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ज्याने ट्रक घेतला तो ग्राहक आहे, मदतीला एक-दोन माणसं घेतली तरी तो ग्राहकच राहतो. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जाता येतं. सहा-सात गाड्या आणि पगारी ड्रायव्हर असलेल्यांना मात्र ही वाट अवघड आहे, आणि खरा फटका त्यांनाही तेवढाच बसतो.

अमेरिकेत दोष कळवल्यावर ६० दिवसांच्या आत मालकाला पत्र पाठवावं लागतं, आणि तेव्हा उपाय तयार नसेल तर तो तयार झाल्यावर दुसरं पत्र. आपल्याकडे एवढं तरी व्हावं. पहिल्या पत्रात स्पष्ट लिहा की गाडी चालवायची की उभी करायची. उभी करायची असेल तर तेवढ्या दिवसांचा हप्ता तरी द्या किंवा बदली गाडी द्या. पार्ट हातात आला की दुसरं पत्र पाठवा, तारखेसकट. आणि गळती सुरू झालेल्या, घाटातून भरून येणाऱ्या गाड्यांना आधी घ्या. आमच्या वर्कशॉपमध्ये ज्याची ओळख त्याचं काम आधी होताना मी पाहिलं आहे.

आमचा व्हॉल्व्ह शेवटी आला. कंपनीच्या मुख्य कार्यालयाला मेल करून, सोबत साबणाच्या फेसाचा व्हिडिओ जोडल्यावर आठवड्याच्या आत आला. मेकॅनिकने अर्ध्या दिवसात बसवून दिला, काम चोख. आता काटा जागचा हलत नाही.

याच मालिकेतली गाडी असणाऱ्यांनी एवढं करा. पार्ट नाही म्हणून परत पाठवलं तरी जॉब कार्ड (वर्कशॉपचा कामाच्या नोंदीचा कागद) उघडून घ्या, त्यावर रिकॉलचा उल्लेख आणि तारीख हवी. गाडी चालवण्यायोग्य आहे का, हा प्रश्न मेलवर विचारा, तोंडी नको. रद्द झालेल्या भाड्यांचे मेसेज आणि जीपीएसचा रेकॉर्ड जपून ठेवा. गळती नसेल तर पार्ट काउंटरवर आल्याशिवाय गाडी आत सोडू नका. आला की त्यावरचा नंबर पत्रातल्या नंबराशी ताडून बघा, कारण जुन्या नंबराचा मालही अजून फिरतोय. गळती असेल तर मात्र भाड्याचा विचार करू नका, गाडी उभी करा. बसवल्यावर तिथेच पेडल दाबून काटा बघा, आणि चेसिस नंबरवर काम पूर्ण झाल्याची नोंद छापून घ्या. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर दोषाची तक्रार नोंदवता येते, तीही करा. तक्रारींचा आकडा वाढला तरच चौकशी पुढे सरकते.

दुसरी गाडी घ्यायचं आमचं या दिवाळीला ठरत होतं, ते तूर्त थांबवलं आहे. घेऊ तेव्हा शोरूमच्या आधी वर्कशॉपच्या पार्ट काउंटरवर जाऊन रिले व्हॉल्व्ह, नॉक्स सेन्सर आणि क्लच बूस्टर स्टॉकला आहेत का ते विचारणार, आणि असल्याचं दाखवतील त्याच कंपनीची गाडी घेणार.