कधी सेल लागतो, कधी लागत नाही : स्कॅनर, वायरमन की घरचा मीटर?

गगनबावड्याच्या पावसात हेडलाइट मिणमिणतात, चहाला थांबून परत चावी फिरवली की नुसतं ‘टक’ होतं आणि सेल, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, लागत नाही. दुसऱ्या दिवशी तीच गाडी उद्यमनगरातल्या गॅरेजात नेऊन उभी केली की पहिल्या चावीला चालू. “आत्ता तर झकास हाय की,” मिस्त्री म्हणतो आणि चारचौघांत आपण खोटे पडतो.

अशा लपंडावासाठी कोल्हापुरात तीन दारं आहेत: सर्व्हिस सेंटरचा स्कॅनर, गाडीच्या वायरिंगचा जुना वायरमन आणि घरच्या घरी मीटर, म्हणजे व्होल्ट-अँपिअर मोजायचा मल्टिमीटर. ‘सगळी वायरिंगच बदलून टाका’ हा चौथा सल्ला फुकट मिळतो, पण पडतो सगळ्यात महाग. माझ्याकडं २००५ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. पहिली तिन्ही दारं मी वाजवलीत, तीही चुकीच्या क्रमानं.

स्कॅनरकडं आधी गेलो, कारण कॉम्प्युटर म्हटलं की आपल्याला उगाच भरवसा वाटतो. स्कॅनर वाचतो ते फक्त ईसीयूनं, म्हणजे गाडीतल्या इंजिनाच्या कॉम्प्युटरनं, लिहून ठेवलेलं गाऱ्हाणं. त्या काळच्या साध्या गाडीत ईसीयूचं लक्ष इंजिनाच्या सेन्सरवर, इंजेक्टरवर. सेल, हेडलाइट, वायपर, हॉर्न यांच्या वायरी त्याच्या गावीही नसतात. त्यामुळं माझ्या गाडीला ‘नो एरर’ आलं, संशयावरून नवी बॅटरी बसली, आणि पंधरा दिवसांनी जोतिबाच्या पायथ्याला पुन्हा ‘टक’. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर घ्यायचा विचार असेल तर गाडीचं साल बघा. कुठलाही स्कॅनर गाडीशी बोलू शकेल असं ठरलेलं मानक म्हणजे ओबीडी-२; आपल्याकडं ते सक्तीचं झालं एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाडीत सॉकेट तसंच दिसलं तरी स्कॅनर बोलेलच असं नाही; कंपनीचाच लागू शकतो.

म्हणून स्कॅनर बाद, असं मात्र करू नका. चालता चालता इंजिन बंद पडतंय, चेक इंजिनचा दिवा लागून विझतोय, तर आधी तिथंच जा. आणि जाण्यापूर्वी बॅटरीचं टर्मिनल काढू नका. बऱ्याच गाड्यांत साठलेला कोड त्यानं पुसला जातो. कोड आला तरी लगेच सेन्सर विकत घ्यायला धावू नका. कोड त्या सर्किटचं नाव सांगतो. दोष सेन्सरात असेल, त्याच्या कपलरमध्ये (वायर जोडायच्या प्लगमध्ये) असेल, नाहीतर मधल्या वायरीत.

खरी गंमत वायरमनच्या टेस्टिंग बल्बची. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याला दोन वायरी, एवढंच हत्यार. मला वाटायचं, डिजिटल मीटरपुढं याचं काय चालणार? पण जुन्या वायरीत हाच भारी पडतो. वायरीचा जोड कुजून जेमतेम टेकून राहिला, तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर मागतो. तेवढा करंट त्या कुजक्या जोडातून आला नाही की बल्ब मिणमिणतो आणि चोर सापडतो. बल्ब लावून ठेवायचा, मग वायरींचा जुडगा, फ्यूज बॉक्स, कपलर एकेक करून हलवायचे. जिथं हात लागल्यावर बल्ब लुकलुकला, तिथं लूज कॉन्टॅक्ट.

माझ्या गाडीला मात्र आमच्या वायरमन मामांनी बल्बसुद्धा लावला नाही. “गरम झाल्यावरच नाटक करते न्हवं? मग गार गाडी कशाला आणलीसा?” असं म्हणून त्यांनी मला पन्हाळा चढून परत यायला सांगितलं. आलो. ‘टक’ झालं. मामांनी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला लावलं. चावी फिरवली आणि सेल खणखणीत लागला. इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी वरून धड दिसत होती, पण बोल्टखाली हिरवा गंज धरून बसला होता. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल शंभर-सव्वाशे अँपिअर सहज ओढतो. त्या वाटेत ०.०१ ओहमचा अडथळा आला तरी एक-सव्वा व्होल्ट तिथंच खर्च होतो. साध्या मीटरला ०.०१ ओहम कळतही नाही. त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो.

वायरमनमध्येही डावं-उजवं असतंच. इंजिनच्या सेन्सरच्या आणि ईसीयूच्या वायरीत जो बिनधास्त बल्ब खुपसतो, त्याच्याकडून गाडी काढून घ्या. तेवढ्या करंटनं ईसीयूचं आतलं सर्किट जळू शकतं. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला तर बल्बही नको, मीटरही नको. आणि फ्यूज उडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालणारा हुशार नव्हे. आज ना उद्या फ्यूजऐवजी वायर जळणार.

आता घरचा मीटर. चार-पाचशे रुपयांत मिळतो, आणि माझ्या मते पहिला खर्च हाच असावा. दुरुस्ती त्यानं होईलच असं नाही, पण कुठलं दार वाजवायचं ते कळतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे कोल्हापुरातल्या पोरालाही पाठ असतं. तसे हेही आकडे पाठ करा. रात्रभर उभी गाडी, बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास: भरलेली. १२.२: अर्धी. इंजिन चालू, हेडलाइट लावून १३.८ ते १४.४: डायनामो ठीक. सेल मारताना ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरीकडं बोट दाखवायला हरकत नाही. आणि सगळ्यात उपयोगी मोजमाप: मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरं इंजिनवर, आणि कुणाला तरी सेल मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंग कच्चं. हे मला आधी ठाऊक असतं तर नव्या बॅटरीचे पैसे वाचले असते.

रात्रीतून बॅटरी उतरत असेल तर मीटर १० अँपिअरवर लावून मायनस वायरीत मध्ये जोडा. सगळं बंद असताना ५० मिलीअँपिअरच्या वर जात असेल तर काहीतरी खातंय. मीटर असा जोडलेला असताना सेल मात्र मारू नका, मीटरच जाईल. जुन्या गाडीत पहिला संशय नंतर बसवलेल्या वस्तूंवर: म्युझिक सिस्टीम, सेंट्रल लॉक, फॉग लॅम्प, दोन हॉर्नची हौस. नुसत्या चिकटपट्टीनं गुंडाळलेला जोड दिसला की तिथून सुरुवात करा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली मुक्कामाला येतात, तेही बघा.

मीटरबरोबर एक वही. गाडीनं नाटक कधी केलं: गार की गरम, पाऊस होता का, खड्ड्यात आपटल्यावर का, इंडिकेटर दिला तेव्हा का? गरम झाल्यावर इंजिनच बंद पडत असेल तर क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं मोजणारा), म्हणजे स्कॅनरवाल्याचं काम, किंवा रिलेच्या (करंट चालू-बंद करणाऱ्या डबीच्या) आतला तडकलेला टाका. खड्ड्यात आपटल्यावर सगळंच क्षणभर जात असेल तर बॅटरीचं टर्मिनल, ते घरीच आवळा. इंडिकेटर दिल्यावर शेजारचा पार्किंगचा दिवाही लुकलुकत असेल तर मागच्या दिव्याचं अर्थिंग, वायरमन अर्ध्या तासात करेल. दहा ओळींची ती वही दाखवली तेव्हा मामांनी पहिल्यांदा माझ्याकडं गिऱ्हाईक सोडून माणूस म्हणून बघितलं.

पूर्ण हार्नेस, म्हणजे गाडीतली सगळी वायरिंग, बदलण्याचा सल्ला मी एकाच गाडीला मानेन: २०१९ किंवा २०२१ च्या पुरात डॅशबोर्डपर्यंत बुडालेल्या. तारांच्या मधून पाणी आवरणाच्या आत चढत जातं आणि वर्षांनंतर भलत्याच ठिकाणी वायर हिरवी-काळी होऊन तुटते. तिथं एकेक जोड शोधण्यात मजुरी हार्नेसच्या वर जाते. बाकी गाड्यांना नको. कंपनीनं केलेले जोड पंधरा-वीस वर्षं टिकलेत, नवे तितके टिकतील याची हमी कुणी देत नाही.

आणि इंजिन मधेच बंद पडत असेल तर कुठल्याही दाराला जाण्याआधी एक फुकटची चाचणी. फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा रिले बघा. दोन्हींवर छापलेला नंबर एकच असेल तर इग्निशन बंद करून त्यांची अदलाबदल करा आणि दोन आठवडे गाडी चालवा. इंजिन बंद पडायचं थांबून हॉर्न मुका व्हायला लागला, तर चोर तो रिलेच; वायरमनकडं न जाता नवा रिले आणायला स्पेअर पार्टच्या दुकानात जा.