इन्स्पायरिस रेझिलिया: गोवंशीय हृदयावरणापासून घडवलेल्या झडपेचे परीक्षण

महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप निकामी होऊन ती बदलण्याचे ठरले, की रुग्णाच्या कुटुंबासमोर पहिला प्रश्न येतो तो धातूची झडप घ्यावी की टिश्यूची (म्हणजे प्राण्याच्या ऊतकापासून केलेली), हा. टिश्यूच्या झडपांमध्ये सध्या विशेष चर्चा आहे ती एडवर्ड्स लाइफसायन्सेस या अमेरिकी कंपनीच्या ‘इन्स्पायरिस रेझिलिया’ची. तिला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. माझे मत आधीच सांगतो: घडणीच्या दृष्टीने ही झडप उत्तम आहे आणि तिच्यामागचे रसायन आश्वासक आहे, परंतु पन्नाशीच्या आतील रुग्णाला ती वीस वर्षे टिकेल अशी हमी आज कोणीही देऊ शकत नाही.

तिचा मूळ आराखडा नवा नाही. तो याच कंपनीच्या ‘पेरिमाउंट’ या झडपेकडून आलेला असून तिचा वापर १९८० च्या दशकाच्या आरंभापासून होत आहे. गुरांच्या हृदयाभोवती असलेल्या पातळ पण चिवट आवरणातून तीन पाकळ्या कापतात, त्यांची जाडी व लवचिकता तपासून एकमेकींशी जुळणाऱ्या तिघी निवडतात आणि कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूच्या तारेच्या सांगाड्यात त्या हाताने शिवून बसवतात. तीनपैकी एक पाकळी किंचित ताठर निघाली, तर झडप मिटताना उरलेल्या दोघींवर जास्त ताण येतो आणि फाटण्याची सुरुवात तिथूनच होते, म्हणून ही जुळवणी फार महत्त्वाची आहे. सूक्ष्मदर्शकाखाली टाका टाका घालत चालणारे हे शिवणकाम यंत्राकडे पूर्णपणे सोपवणे अजून जमलेले नाही.

पाकळ्या सांगाड्याच्या आत बसवायच्या की बाहेरून गुंडाळायच्या, हा या क्षेत्रातील जुना वाद आहे. बाहेरून बसवल्या तर रक्ताला वाट मोठी मिळते आणि शस्त्रक्रियेनंतरच्या सोनोग्राफीतील आकडे देखणे दिसतात. मात्र असा आराखडा असलेल्या ‘ट्रायफेक्टा’ या झडपेत अकाली झीज होत असल्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली दिला आणि त्याच वर्षी तिची विक्री थांबली. त्याआधी इंग्लंडमधील लीड्सचे शल्यविशारद मारियन आयोनेस्कू यांनी १९७१ च्या सुमारास हृदयावरणाची झडप प्रथम वापरात आणली होती. तिच्या पुढील व्यावसायिक रूपात पाकळ्यांना जागेवर धरून ठेवणारा टाका ज्या ठिकाणी होता, त्याच ठिकाणी पाकळ्या फाटू लागल्या. पेरिमाउंटच्या आराखड्याने हा धडा घेतला, पाकळ्या आत ठेवल्या आणि सांगाड्याची टोके थोडी लवचिक केली. इन्स्पायरिसला हा वारसा आयता मिळाला आहे, आणि माझ्या मते तिच्यावर विश्वास ठेवण्याचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

आता रसायनाविषयी. प्राण्याचे ऊतक जसेच्या तसे माणसाच्या शरीरात टिकत नाही. पॅरिसमधील आलँ कार्पांतिए यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ग्लुटराल्डिहाइडचा वापर सुरू केला, तेव्हा कुठे टिश्यूच्या झडपा व्यवहार्य झाल्या. हे द्रव्य ऊतकाला बळकटी देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवते आणि शरीराकडून होणारा विरोधही कमी करते. पण या प्रक्रियेत ऊतकात या द्रव्याचे काही अल्डिहाइड गट (अभिक्रियेस तयार असलेले रासायनिक भाग) मोकळे राहतात, मृत पेशींची स्निग्ध द्रव्येही मागे उरतात, आणि दोन्हींच्या आधाराने कॅल्शियम साचत जाते. पाकळी कडक होते आणि एके दिवशी उघडेनाशी होते किंवा चिरते. तरुण वयात ही क्रिया अधिक वेगाने होते, त्यामुळे ज्यांच्यासमोर सर्वांत जास्त आयुष्य आहे त्यांच्यातच झडप लवकर खराब होते.

रेझिलिया प्रक्रियेत हे मोकळे गट कायमचे झाकले जातात आणि ऊतक ग्लुटराल्डिहाइडच्या द्रावणाऐवजी ग्लिसरॉलच्या साहाय्याने कोरडे साठवले जाते. शस्त्रक्रियागृहात झडप वारंवार धुण्याची गरज संपते, हा त्यातला छोटासा पण शल्यविशारदांना आवडणारा फायदा. कोवळ्या मेंढ्यांवरील प्रयोगांत या ऊतकात पेरिमाउंटपेक्षा कॅल्शियम बरेच कमी साचल्याचे दिसले आणि माणसांवरील ‘कमेन्स’ या अभ्यासात सात वर्षांनंतर ९९.३ टक्के रुग्ण रचनात्मक झिजेपासून मुक्त होते. हा आकडा उत्साहवर्धक खराच; पण त्या अभ्यासातील रुग्णांचे सरासरी वय सुमारे ६७ वर्षे होते आणि त्या वयात जुनी पेरिमाउंटही सात वर्षांत सहसा दगा देत नाही. फ्रान्समधील तूर येथे २,६५९ रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्यातून पेरिमाउंटचे अपेक्षित आयुष्य १९.७ वर्षे आणि साठ किंवा त्याहून कमी वयाच्या रुग्णांत १७.६ वर्षे निघाले होते. नव्या झडपेला ओलांडायची रेषा ही आहे.

प्रयोगशाळेतील चाचण्यांवरही फार विसंबता येत नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार टिश्यूच्या झडपेने यंत्रात २० कोटी वेळा उघडझाप करून दाखवावी लागते. हृदय वर्षाला साधारण ४ कोटी वेळा धडधडते, म्हणजे ही परीक्षा जेमतेम पाच वर्षांची झाली, आणि यंत्रात जिवंत रक्त नसल्यामुळे कॅल्शियमचा प्रश्न तिथे उपस्थितच होत नाही.

लहान मापांच्या झडपांचे कडे पुढे गरज पडल्यास रुंदावता येते, हे मला या उत्पादनाचे सर्वांत प्रामाणिक वैशिष्ट्य वाटते. झडप कधीतरी झिजणार हे गृहीत धरून, तिच्या आत जांघेतून नळीद्वारे दुसरी झडप बसवण्याची सोय आधीच करून ठेवलेली आहे. अर्थात मुळात १९ मिलिमीटरची झडप बसलेल्या रुग्णाला आत दुसरी बसवल्यावर वाट अरुंदच उरते, हे शल्यविशारदाला आधी विचारून घ्यावे.

आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडपा बिघडलेले अनेक रुग्ण तरुण असतात. धातूच्या झडपेसोबत रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनच्या गोळ्या आणि आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या आकड्याची) नियमित तपासणी जन्मभर चालते. तालुक्याच्या गावाहून दर महिन्याला रक्त तपासायला जाणे अनेकांना झेपत नाही, आणि वॉर्फरिनमुळे गरोदरपणात गर्भाला धोका संभवतो. आई होऊ इच्छिणाऱ्या स्त्रीने दुसऱ्या शस्त्रक्रियेची तयारी ठेवून टिश्यूची झडप निवडणे पूर्णपणे शहाणपणाचे ठरू शकते. गोवंशीय ऊतकाविषयी धार्मिक संकोच असेल तर तो शस्त्रक्रियेआधी मोकळेपणाने सांगावा. डॉक्टरांना हा प्रश्न नवा नसतो.

युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे महाधमनीच्या जागी ६५ वर्षांनंतर टिश्यूची झडप सुचवतात. त्या वयात मी इन्स्पायरिसची शिफारस निःसंकोच करीन, मात्र किमतीत मोठी तफावत असेल तर जुनी पेरिमाउंट नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. पन्नास ते पासष्ट या वयात तिची जास्तीची किंमत समर्थनीय वाटते. त्याहून लहान वयात रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेण्यास अडचण नसेल, तर माझा कौल आजही धातूच्या झडपेलाच आहे.