भाव कोणाचा, हे मी विचारले नाही: पंधरा मिनिटांच्या बिटकॉइन सौद्यांतील फसवणूक

मी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील एका अडत दुकानात सतरा वर्षे हिशेब लिहितो. गुळाच्या सौद्यात बोली सर्वांसमक्ष लागते, रवे शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत तोलले जातात आणि पट्टीवर दर, वजन, हमाली वेगवेगळे लिहिलेले असते. भाव म्हटला की तो उघडच असणार, असे धरून चालण्याची सवय मला तिथे लागली आणि त्या सवयीने माझा घात केला. मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेले १ लाख ८६ हजार रुपये गेले.

राजारामपुरीतील ओळखीच्या एका तरुणाने मला टेलिग्रामवरील गटात घेतले. “काका, वर की खाली, एवढंच सांगायचं,” असे तो म्हणाला. बिटकॉइनचा भाव पंधरा मिनिटांनी आरंभापेक्षा वर असेल की खाली, यावर एका ॲपमध्ये पैसे लावायचे. १,००० रुपये लावून अंदाज बरोबर ठरला तर १,८५० मिळत, चुकला तर काहीच नाही. त्याचेही पैसे बुडाले, त्यामुळे त्याच्यावर माझा राग नाही.

खऱ्या भाकीत बाजारात, म्हणजे पुढे काय घडेल यावर लोक एकमेकांशी सौदे करतात तिथे, बरोबर ठरलेल्या हिश्श्याला १ डॉलर मिळतो आणि चुकलेल्याला शून्य. ‘वर’चा हिस्सा ६२ सेंटला विकला जात असेल, तर ती शक्यता सुमारे ६२ टक्के आहे असे बाजाराचे मत असते आणि समोर ३८ सेंटच्या आसपास ‘खाली’ घेणारा दुसरा माणूस असतो. माझ्या समोर मात्र ॲप चालवणाराच होता. मी हरलो तरच त्याचा लाभ होता. शिवाय निकाल नाणेफेकीसारखा धरला, तर शंभर वेळा हजार रुपये लावल्यावर पन्नास वेळा १,८५० म्हणजे ९२,५०० रुपयेच परत येतात. नुसते बरोबरीत राहण्यासाठी शंभरात ५४ हून अधिक वेळा जिंकावे लागते. हा हिशेब मी पैसे गेल्यावर मांडला, याचे मला फार दुःख आहे.

मुख्य लबाडी मात्र निकालात होती. पंधरा मिनिटांत भाव अनेकदा थोडासाच हलतो आणि एकाच क्षणी निरनिराळ्या एक्स्चेंजांवर, म्हणजे बिटकॉइन विकत घ्यायच्या-विकायच्या बाजारांवर, तो काही डॉलरनी वेगळा असतो. म्हणून कोणाचा भाव आणि कोणत्या सेकंदाचा, यावरच हार-जीत ठरते. पॉलिमार्केट या भाकीत बाजारात अशा सौद्यांचा निकाल चेनलिंक या भाव पुरवणाऱ्या सेवेच्या भावावर लागतो आणि अखेरचा भाव आरंभाइतकाच राहिल्यास ‘वर’ जिंकते, हे नियमात आधीच लिहिलेले असते. काल्शी या दुसऱ्या भाकीत बाजारात सीएफ बेंचमार्क्स या कंपनीच्या निर्देशांकाची, म्हणजे अनेक एक्स्चेंजांवरून काढलेल्या भावाची, शेवटच्या ६० सेकंदांची सरासरी घेतात, कारण एकाच क्षणाचा भाव ढकलणे त्यामानाने सोपे असते. माझ्या ॲपच्या नियमांत ‘आमचा निर्देशांक’ एवढेच शब्द होते. एका रात्री मी ‘वर’वर ३०,००० रुपये लावले, दोन मोठ्या एक्स्चेंजांवर भाव आरंभापेक्षा ११ आणि १४ डॉलरनी वर होता, तरी ॲपने तो ३ डॉलरनी खाली दाखवला. पुढे सगळे सौदे वहीत उतरवले तेव्हा दिसले की लहान रकमांचे निकाल बाहेरच्या भावाशी जुळत होते आणि मोठ्या रकमांचेच चुकत होते.

उरलेली रक्कम काढू लागलो, तेव्हा आधी ३० टक्के कर भरा असे सांगण्यात आले. क्रिप्टोच्या नफ्यावर भारतात ३० टक्के कर खरोखरच आहे, म्हणून मी ४१,००० रुपये एका यूपीआय खात्यावर पाठवले. वस्तुतः तो कर आपण स्वतः सरकारकडे भरून विवरणपत्रात दाखवायचा असतो. दुसऱ्या दिवशी माझे खाते उघडेना.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि अशा मत-सौद्यांना, म्हणजे एखादी गोष्ट घडेल की नाही यावर पैसे लावण्याला, गुंतवणूकदार संरक्षण लागू नाही, हे शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने एप्रिल २०२५ मध्येच सांगितले होते. लाजेपोटी मी अकरा दिवस घरातही बोललो नाही. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला, तेव्हा पहिला प्रश्न आला तो पैसे केव्हा पाठवले हा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्याआधी कळवले तरच ती गोठवता येते. माझी रक्कम पहिल्या खात्यातून केव्हाच निघून गेली होती.