छपाईवालं कार्ड मशीन: किनाऱ्यावरच्या धंद्याला कितपत कामाचं?

तारकर्ली, गुहागर, हर्णै या पट्ट्यात होमस्टे किंवा खानावळ चालवणारे हल्ली हमखास विचारतात: भिंतीवर क्यूआर कोड आहेच, मग मशीन कशाला? ते बिलाच्या रकमेवर आहे. सोलकढी आणि अडीचशेची थाळी यूपीआयवर नाहीतर रोखीत निघते. फक्त तेवढंच असेल तर मशीनचं भाडं अंगावर घेऊ नका. खोल्यांचं सहा हजारांचं बिल किंवा हापूसच्या पेट्या असल्या की मात्र पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक क्रेडिट कार्ड पुढे करतं, आणि तिथे मशीन खरोखर उपयोगी पडतं.

मशीन म्हणजे हातात मावणारं अँड्रॉइड यंत्र: टॅपची म्हणजे कार्ड नुसतं टेकवायची जागा, चिपची खाच, आत सिम आणि पावती छापायचा ५७ मिमी रुंदीचा थर्मल रोल. यात टॅप सगळ्यात भरवशाचा. खाऱ्या, दमट हवेत चिपच्या खाचेतल्या पिनांवर गंज धरतो. काउंटरवर माशाचे ओले हात लागत असतील तर आणखी लवकर. टॅपमध्ये धातूला धातू लागायचा प्रश्नच नाही. १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंत टॅपला पिन लागत नाही, त्यावर लागतो. नवं कार्ड टॅप होत नसेल तर बहुतेक वेळा मशीनचा दोष नसतो. ती सोय गिऱ्हाइकाला स्वतः बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावी लागते. पाकिटासकट टेकवू देऊ नका, कार्ड बाहेर काढून बीप होईपर्यंत धरायला सांगा.

खरी अडचण रेंजची. मशीनसोबत येणारं सिम आपल्या वाडीत चालतं का, हे करार करण्याआधी बघा, तेही काउंटरपाशी आणि पर्यटक भरलेले असताना शनिवारी संध्याकाळी. वायफाय असेल तर दोन्ही जोडून ठेवा, आणि लाइट गेली तरी राउटर चालावा म्हणून तो इन्व्हर्टरवर घ्या. नकार आला की पडद्यावरचा कोड वाचा: ५१ म्हणजे खात्यात पैसे कमी, ५५ म्हणजे पिन चुकला, ९१ म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेकडून उत्तर नाही. ९१ला थोडं थांबून पुन्हा करता येतं. ५१ला कार्ड कितीही वेळा घासून उपयोग नाही.

पैसे कापल्याचा मेसेज आला पण पावती निघाली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा कार्ड लावू नका. आधी मशीनमधली व्यवहारांची यादी उघडा. तिथे नोंद नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे रक्कम पाच दिवसांत आपोआप परत जायला हवी. पुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. गिऱ्हाइकाला हे शांतपणे सांगितलं की अर्धा वाद तिथेच मिटतो.

रोल संपला की नवा उलटा बसतो आणि कोरी पट्टी बाहेर येते. नखाने ओरखडा काढा. काळी रेघ उमटते ती छपाईची बाजू. ही छपाई उन्हात फिकी पडते, म्हणून हिशोबाच्या पावत्यांचा फोटो काढून ठेवा.

आता खर्च. कार्ड व्यवहारामागे धंदेवाल्याकडून जो आकार कापला जातो, तो रुपे डेबिटवर शून्य. बाकीच्या डेबिट कार्डांवर, वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त ०.४० टक्के, आणि तो गिऱ्हाइकाकडून वसूल करता येत नाही. 'कार्डला दोन टक्के जादा' अशी पाटी डेबिटसाठी चुकीचीच. क्रेडिट कार्डाचा दर करारावर ठरतो. तो २ टक्के धरला तर ६,००० च्या बिलावर १२० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २१.६० जातात. २,००० पर्यंतच्या कार्ड व्यवहाराला हा जीएसटी नाही.

मासळी घ्यायची तर बंदरावर रोख लागतेच, तेव्हा गल्ल्यात नोटा ठेवायच्याच. आणि मशीन घेताना पावसाळ्याचं विचारा: जून ते सप्टेंबर धंदा थंड असतो, भाडं मात्र चालू राहतं. या चार महिन्यांत भाडं माफ, की व्यवहार कमी झाले म्हणून वर दंड, हे सही करण्याआधी लेखी घ्या.