पेंटाटॉनिकच्या पुढे: आधी मोडल की आधी कॉर्ड टोन?

गिटारवरच्या रॉक सोलोमध्ये जॅझचा रंग आणायचा तर सुरुवातीला दोन वाटा दिसतात. मोडल वाटेत एका कॉर्डवर ठाण मांडून पूर्ण स्केल खुलवायची. बीबॉप या जलद जॅझ शैलीच्या, म्हणजे कॉर्ड टोनच्या वाटेत कॉर्ड बदलली की त्या कॉर्डचेच स्वर नेमके गाठायचे. दोन्ही एकदम सुरू केल्या तर एकही हातात बसत नाही. आवडता गिटारिस्ट बघून वाट निवडू नका. तुम्ही वाजवता त्या गाण्यांत सोलोखाली किती कॉर्ड आहेत ते मोजा.

मोडल वाट माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन या जॅझवादकांकडून रॉकमध्ये आली. १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधलं ‘सो व्हॉट’ म्हणजे १६ बार डी डोरियन (डीपासून सुरू होणारी सात स्वरांची एक स्केल), ८ बार ई फ्लॅट डोरियन, पुन्हा ८ बार डी डोरियन. एवढंच. ऑलमन ब्रदर्स बँडचा गिटारिस्ट ड्वेन ऑलमनने हा अल्बम मनापासून ऐकला होता, आणि १९७१ च्या ‘अ‍ॅट फिलमोर ईस्ट’वरच्या लांब सोलोंमध्ये ते कानाला जाणवतं.

ही वाट हाताला सोपी आहे. पाचव्या फ्रेटवरच्या ए मायनर पेंटाटॉनिकमध्ये (पाच स्वरांच्या स्केलमध्ये) दोनच स्वर वाढवायचे: दुसऱ्या तारेवर सातवा फ्रेट (एफ शार्प) आणि पहिल्या तारेवर सातवा फ्रेट (बी). झालं ए डोरियन, म्हणजे आपल्या काफी थाटाचे स्वर. ए मायनर आणि डी सेव्हन या दोन कॉर्डवर ते सुंदर बसतात. पण गाण्यात एफ किंवा डी मायनर आली की तोच एफ शार्प खुपतो, कारण त्या कॉर्डमध्ये साधा एफ आहे. त्यामुळे आधी कॉर्ड तपासा. दुसरी अडचण अशी की स्केल नुसती वर-खाली पळवली तर सोलो सरावासारखा वाटतो. नवे दोन स्वर पळवू नका, त्यांच्यावर थांबा.

कॉर्ड टोनची वाट कष्टाची आहे, पण सोलो ‘गाण्यावरून घसरतो’ अशी तक्रार असेल तर औषध हेच. स्टीली डॅन बँडच्या १९७६ च्या ‘किड शार्लमेन’मधला लॅरी कार्लटनचा सोलो ऐका: आवाज रॉकचा, पण प्रत्येक कॉर्ड ओळीतूनच कळते.

सुरुवात फक्त प्रत्येक कॉर्डच्या तिसऱ्या आणि सातव्या स्वरांपासून करा. ए मायनर सेव्हन, डी सेव्हन, जी मेजर सेव्हन या क्रमात चौथ्या तारेवर पाचवा फ्रेट, तिसऱ्या तारेवरही पाचवा (जी आणि सी). डी सेव्हन आली की चौथ्या तारेवरचा स्वर एक फ्रेट खाली. जी मेजर सेव्हनला तिसऱ्या तारेवरचा एक फ्रेट खाली. दर वेळी एकच बोट हलतं आणि कॉर्ड बदललेली स्पष्ट ऐकू येते. मेट्रोनोम ६० वर, प्रत्येक कॉर्डला चार ठोके. हे न अडखळता जमल्यावरच स्वराला वेढा घाला: सीवर पोचायचं असेल तर आधी डी, मग बी, मग सी. सी बरोबर समेवर पडला पाहिजे. एक ठोका चुकून बी समेवर आला, तर ऐकणाऱ्याला ती सरळ चूक वाटते. वेढ्याचे स्वर बिघडतात ते बहुतेक वेळा इथेच, स्वराची निवड बरोबर असूनही.

डिस्टॉर्शनचा हिशोबही वेगळा. एकेरी ओळींना भरपूर गेन (आवाजाचा फाटकेपणा) चालतो. मात्र तिसरा-सातवा जोडीने वाजवला की आवाज गढूळ होतो, तेव्हा गिटारचा व्हॉल्यूम ५-६ वर आणा. जॅझ गिटारिस्ट वेस मॉन्टगोमरीचे ऑक्टेव्ह (एकच स्वर दोन सप्तकांत जोडीने) गेनवरही स्वच्छ राहतात: पहिलं बोट चौथ्या तारेवर, करंगळी दुसऱ्या तारेवर तीन फ्रेट पुढे, मधली तार पहिल्या बोटाच्या पोटाने दाबून गप्प. जॅझसाठी जाड फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारा लावायची घाई नको. बेंड (तार ओढून स्वर चढवणं) जातील, आणि रॉकचा अर्धा बोलच जाईल.

अ‍ॅलन होल्ड्सवर्थ या जॅझ-रॉक गिटारिस्टची लेगाटो (दर स्वराला तार न छेडता सलग वाजवणं) ही तिसरी वाट म्हणून मोजू नका. ते तंत्र आहे, या दोन्हींपैकी एक पक्की झाल्यावर घ्यावं.

सोलो एक-दोन कॉर्डच्या जॅमवर होत असतील तर मोडल आधी. चार किंवा जास्त कॉर्डच्या गाण्यांत वाजवत असाल तर कॉर्ड टोन आधी, वेळ जास्त लागला तरी. दोन्ही प्रकारची गाणी असतील तरी कॉर्ड टोनच घ्या: त्यातून मोडल पुढे सहज जमतं, उलट मात्र क्वचितच.