विंडहुकची शहरफेरी: पैसे वसूल, पाणी मात्र घरून न्या

जावई नामिबियात नोकरीला, म्हणून ही फेरी घडली. गाइड पाऊण तास उशिरा आला. बुकिंगमध्ये कबूल केलेली पाण्याची बाटली शेवटपर्यंत दिसलीच नाही. दोन स्टार तिथेच गेले.

पण टिंटेनपालास्टपाशी हा गाइड पोरगा खुलला. जर्मन अमदानीत, 1913 मध्ये बांधलेली ही कचेरी आज संसद आहे. नावाचा अर्थ शाईचा राजवाडा. आपल्याला शाई म्हटलं की बोटावरची आठवते, इथली कारकुनांच्या दौतीतली!

बागेतल्या पायरीवर बसून त्याने धुळीत बोटाने आकडे काढले: 77, 63, 51. 2014, 2019 आणि 2024 मध्ये स्वापो या सत्ताधारी पक्षाला मिळालेल्या जागा, निवडून येणाऱ्या 96 पैकी. 1990 पासून सत्ता त्यांचीच, पण आता जेमतेम बहुमत. 2024 ला काही केंद्रांवर मतपत्रिकाच संपल्या, मतदान 30 नोव्हेंबरपर्यंत लांबलं. त्याची मावशी रात्रीपर्यंत रांगेत होती म्हणे. ‘मत कुणाला?’ विचारलं तर नुसता हसला.

गुडघे दुखत असतील तर सांभाळून, चढ आहे. टोपी हवीच.